हातातली सर्क्युलर करवत: सरळ काप आणि शाबूत बोटं

इंदुरात घरी फर्निचरचं काम निघालं की मिस्त्रीच्या पिशवीतून सगळ्यात आधी मार्बल कटर बाहेर येतो. फरशी कापायचं चार इंची यंत्र, त्याला लाकडाचं दातेरी पातं लावलेलं, आणि त्यावर अख्खं कपाट उभं राहतं. सराईत हाताला ते जमतं, म्हणून हौसेनं काम करणारेही सियागंजच्या बाजारात जाऊन तोच मागतात. लाकडासाठी तो घेऊ नका. मार्बल कटर मिनिटाला १२,०००च्या आसपास फेरे घेतो. ११० मिमी पात्याच्या दात्याचा वेग त्यात सेकंदाला जवळपास ७० मीटर होतो. सव्वासात इंची सर्क्युलर करवतीत १८५ मिमीचं पातं ५,००० फेऱ्यांनी फिरतं आणि दात्याचा वेग ५० मीटरच्या आत राहतो. त्याहून मोठा फरक गार्डचा. करवतीला खालून स्प्रिंगचं गार्ड असतं. काप सुरू झाला की ते मागे सरकतं, संपला की पात्यावर परत येतं. मार्बल कटरचं गार्ड पात्याचा वरचा भाग तेवढा झाकतं, खालचा उघडाच. बटण सोडल्यावरही पातं काही सेकंद फिरत असतं, आणि तेवढ्यात यंत्र मांडीजवळ आलं तर काय होईल ते सांगायला नको. अँगल ग्राइंडरला दातेरी पातं लावण्याचा विचारसुद्धा करू नका.

पुढचं सगळं सव्वासात इंची करवतीबद्दल आहे. सरळ काप ती साधारण ६५ मिमी खोल घेते, ४५ अंशात तिरका घेतला तर ४५ मिमीच्या आसपास. घरातला १८ मिमी प्लाय, फ्लश दरवाजा, दोन इंची सागवान, सगळं यात बसतं.

झटका येतो कुठून

वाकडा काप आणि किकबॅक, म्हणजे यंत्राचा उलटा झटका, ही दोन वेगळी संकटं वाटतात, पण दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. पात्याच्या दात्यांची जाडी २.४ मिमी असेल तर दाते ज्यावर बसवलेत त्या चकतीची साधारण १.६ मिमी असते. म्हणजे चिरेत चकतीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ०.४ मिमी मोकळी जागा. पातं एका रेषेत चालतं तोवर ती पुरते. रेषा सुटली म्हणून तुम्ही मनगट वळवून यंत्र परत आणायला गेलात, की चकतीचा मागचा भाग चिरेच्या भिंतीला घासतो. काप वाकडा होतो, कडा जळून काळी पडते, मोटर कण्हू लागते. आणखी जोर केला की मागचे दाते लाकडात रुततात, आणि यंत्र वर उसळून तुमच्या दिशेनं येतं.

दुसरं कारण, चीर मिटणं. लांब फळी दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापली, की काप पुढे जाईल तशी फळी मध्ये झुकते आणि चिरेची वरची तोंडं एकमेकांवर दाबली जातात. पातं चिमट्यात सापडतं. शिकाऊ माणसाला येणाऱ्या झटक्यांत हा प्रकार फार दिसतो, आणि तो टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. बोथट पातं, चिकट राळ जमलेलं पातं, ओलं किंवा पीळ पडलेलं लाकूड, फिरतं पातं चिरेतून मागे ओढणं, ही बाकीची कारणं.

काही करवतींना पात्यामागे रायविंग नाइफ नावाची पोलादी पट्टी असते. ती चीर मिटू देत नाही. तुमच्या यंत्राला असेल तर काढून ठेवू नका. ती चकतीपेक्षा जाड पण दात्यांपेक्षा बारीक असायला हवी, आणि दात्यांपासून ५ मिमीहून दूर नको.

पातं घेताना

दुकानात नुसतं "सात इंची ब्लेड द्या" म्हणालात तर जे हाताशी असेल ते मिळेल. चार गोष्टी सांगा: टीसीटी म्हणजे कार्बाइड टोकांचं हवं, बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, आणि दात्यांची संख्या. भोक २० मिमी, २५.४ मिमी किंवा ३० मिमी अशा मापांत येतं. आपल्या यंत्राचं माप घरून पाहून जा. मोठ्या भोकाला रिंग लावून चालतं, पण ती त्याच पात्याबरोबर आलेली, घट्ट बसणारी हवी. कागद किंवा टेप गुंडाळून भोक भरलं की पातं लंगडतं. पात्यावर कमाल फेरे छापलेले असतात. तो आकडा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच असला पाहिजे.

दात्यांचं गणित असं: सागवान किंवा पाइनची फळी उभी, म्हणजे तंतूंच्या दिशेनं चिरायची तर २४ दाते. दात्यांमधली जागा मोठी असल्यानं भुसा बाहेर पडतो. प्लाय, ब्लॉकबोर्ड आणि आडव्या कापासाठी ४० दाते. मायका लावलेला बोर्ड किंवा एमडीएफसाठी ६०. घरच्या कामाला एकच पातं घ्यायचं तर ४० दात्यांचं घ्या. ६० दात्यांच्या पात्यानं दोन इंची सागवान उभं चिरायला गेलात तर लाकूड जळेल आणि पातंही.

बसवताना प्लग सॉकेटमधून काढा. बटण बंद आहे, एवढ्यावर विसंबू नका. पात्यावरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला यायला हवेत. पुढचे दाते खालून वर जातात. बोल्ट सोडताना पातं ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं पाना फिरवायचा, आवळताना उलट. पात्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्यांवर, म्हणजे फ्लँजवर, भुशाचा एक कण जरी राहिला तरी पातं डोलतं, म्हणून दोन्ही फ्लँज फडक्यानं पुसूनच लावा. मग हातानं खालचं गार्ड उघडून सोडून पाहा. टपकन बंद व्हायला हवं. रेंगाळत असेल तर आत भुसा अडकलाय, तो साफ करा. गार्ड उघडं राहावं म्हणून त्यात लाकडी पाचर मारून ठेवणारे लोक आहेत. तशा यंत्राला हात लावू नका.

करवत काटकोनात आणणं

खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, नवी करवत काटकोनात आहे असं गृहीत धरू नका. प्लग काढा, पातं पूर्ण खोलीवर आणा, यंत्र उलटं करून गुण्याची (काटकोन तपासायच्या पट्टीची) एक बाजू बेस प्लेटवर, म्हणजे यंत्र लाकडावर टेकतं त्या सपाट पत्र्यावर, आणि दुसरी चकतीच्या सपाट भागावर टेकवा. दात्यावर टेकवलीत तर दाता चकतीपेक्षा बाहेर असल्यानं माप चुकतं. गुण्या आणि चकतीमधून उजेड दिसत असेल तर तिरकेपणाचा स्क्रू सैल करून जुळवा. मग १८ मिमीच्या एका रुंद तुकड्यावर काप घ्या, दोन तुकड्यांपैकी एक पालथा करून कापलेल्या कडा एकमेकांना भिडवा. फट दिसली तर चूक फटीच्या निम्मी आहे. चूक दुप्पट होऊन डोळ्यांसमोर येते, म्हणून ही चाचणी गुण्यापेक्षाही खात्रीची.

दुसरी तपासणी सहसा कोणी करत नाही: पातं बेस प्लेटच्या कडेला समांतर आहे का? एका दात्यावर मार्करनं खूण करा. तो दाता पुढे आणून प्लेटच्या कडेपासूनचं अंतर मोजा, मग हातानं फिरवून तोच दाता मागे आणून पुन्हा मोजा. पाव मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर पट्टीला टेकवून चालवलेली करवतसुद्धा तिरकी ओढत राहील आणि कड जाळेल. काही यंत्रांत ही जुळणी बदलता येते. ज्यात येत नाही, त्यात पट्टीला बेस प्लेटची एकच ठरलेली कड नेहमी टेकवायची आणि मापं त्याच कडेवरून घ्यायची.

पट्टी: इथे दोन तास घालवा

मोकळ्या हातानं पेन्सिलच्या रेषेवर आठ फूट सरळ कापणं वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम. पट्टी लावली की ते पहिल्याच दिवशी जमतं, आणि मनगट वळायला वावच न राहिल्यानं किकबॅकचं मोठं कारणही जातं. बाजारात ॲल्युमिनियमचे तयार ट्रॅक मिळतात, पण घरी केलेली पट्टी त्यांच्या तोडीचं काम करते.

६ मिमी प्लायचा साधारण ३५० मिमी रुंद आणि आठ फूट लांब पट्टा घ्या, तो तळ. त्याच्यावर १२ मिमी प्लायची १०० मिमी रुंद पट्टी चिकटवायची आहे, ती धाव. धावेची एक कड कारखान्यातून आलेली मूळ कड असायलाच हवी. शीट विकत घेताना दुकानातून तेवढीच पट्टी कापून मागा, आणि ताणलेल्या दोऱ्यानं तिचा सरळपणा तपासा. ती तळावर अशी ठेवा की तिच्या मागे क्लॅम्प लावायला किमान ६० मिमी जागा राहील, आणि पुढे करवतीच्या बेस प्लेटहून थोडी जास्त. फेविकॉल लावून खालून १२ मिमीचे छोटे स्क्रू मारा, डोकी तळात बुडवा. रात्रभर वाळू द्या. मग बेस प्लेट धावेला टेकवून करवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा चालवली की तळाचा जादा भाग कापला जातो. तळाची ही नवी कड म्हणजे नेमकी तुमच्या पात्याची कापरेषा. पुढे प्रत्येक वेळी ही कड पेन्सिलच्या खुणेवर ठेवायची, क्लॅम्प आवळायचे, कापायचं. काही मोजायची गरज नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. ही कड त्याच करवतीची आणि त्याच जाडीच्या पात्याची आहे, पातं बदललं तर जुळणी पुन्हा पाहावी लागेल. आणि कापाची खोली तळाच्या ६ मिमीनं कमी होते. धाव १२ मिमीहून जाड घेऊ नका, नाहीतर खोल कापाला मोटर तिच्यावर अडते.

शीट मांडणं आणि मापं

१८ मिमीच्या ८×४ शीटचं वजन ३० ते ३५ किलो भरतं. ती स्टुलांवर चढवण्यापेक्षा जमिनीवरच कापा. गच्चीवर किंवा ओसरीत २×२ इंचाच्या पाच लाकडी पट्ट्या टाका आणि शीट त्यावर पसरा. कापाच्या दोन्ही बाजूंना, दोन-तीन इंच सोडून, एकेक पट्टी आली पाहिजे. मग काप संपला तरी दोन्ही तुकडे जिथल्या तिथे पडून राहतात, चीर मिटत नाही, आणि शेवटचे चार इंच फाटून निघत नाहीत. काप आडवा असून पट्ट्यांवरून जाणार असेल तर पट्ट्या थोड्या कापल्या जातील. जाऊ द्या, त्यांत खिळे नाहीत एवढं पाहा.

मापात पात्याची जाडी धरायला विसरलं की कपाटाचे कप्पे लहान-मोठे होतात. चार फुटी शीट १,२२० मिमी असते. तिचे चार सारखे पट्टे काढायचे तर तीन काप येतात. २.४ मिमी पात्यानं ७.२ मिमी लाकूड भुशात जातं, म्हणून पट्टा ३०५ मिमी न होता ३०३.२ मिमी होतो. मिस्त्री लोक सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.२ मिमी, म्हणून "दर कापाला एक सूत सोडा" हा त्यांचा हिशेब सुरक्षित बाजूचा आहे. सगळे पट्टे आधीच आखून मोकळे होऊ नका. एक कापा, मग त्या कडेवरून पुढचं माप घ्या. पेन्सिल टोकदार असू द्या, आणि रेषेच्या टाकाऊ बाजूला फुलीची खूण करा. पातं त्या बाजूला पडलं पाहिजे.

काप घेताना

पात्याची खोली लाकडाच्या जाडीहून ४-५ मिमी जास्त ठेवा, दात्याच्या लांबीएवढी. १८ मिमी प्लायला पूर्ण ६५ मिमी पातं खाली सोडलंत, तर खाली उघडं पातंही जास्त आणि अडकलं तर झटकाही मोठा.

वायर खांद्यावरून मागे घ्या. यंत्र दोन्ही हातांनी धरा, दुसरा हात पुढच्या मुठीवर. तो हात मोकळा राहिला की लाकूड दाबायला पात्याजवळ जातो. लाकूड दाबायचं काम क्लॅम्पचं. अंग पात्याच्या रेषेत नको, एक वीत बाजूला, म्हणजे यंत्र मागे आलं तरी शेजारून जाईल. जमिनीवर गुडघ्यावर बसून कापताना हे फार विसरतं. मांडी नेमकी रेषेत येते.

बेस प्लेटचा पुढचा भाग लाकडावर टेकवा, पातं लाकडाला शिवत नाही याची खात्री करा, मग बटण दाबा. पूर्ण वेग येऊ द्या, आवाज स्थिर झाला की पुढे सरका. वेग कानानं ठरवा. मोकळ्या फिरण्याच्या आवाजापेक्षा सूर किंचित उतरला तर गती बरोबर. घोगरा झाला तर ढकलताय, हात सैल करा. सूर उतरतच नाही आणि जळका वास येतो, तर फार हळू चाललाय. बाहेर पडणारा भुसाही सांगतो: दाणेदार हवा. पिठासारखा बारीक आणि काळपट असेल तर पातं बोथट आहे.

मध्येच अडलं किंवा रेषा सुटली, तर बटण सोडा आणि यंत्र तिथेच धरून ठेवा. पातं पूर्ण थांबेपर्यंत वर उचलायचं नाही, मागे ओढायचं नाही. थांबल्यावर काढा, आधार नीट करा, थोडं मागून नवा काप सुरू करा. शेवटी तुकडा सुटल्यावरही तोच नियम: पातं थांबलं, गार्ड बंद झालं हे डोळ्यांनी पाहा आणि मगच यंत्र खाली ठेवा.

पहिल्या दिवशी चांगल्या शीटला हात लावू नका. १२ मिमी प्लायच्या टाकाऊ तुकड्यांवर पट्टी लावून आणि न लावता, दोन्ही तऱ्हांनी कापून पाहा.

टवके

दाते खालून वर येत असल्यानं टवके वरच्या बाजूला उडतात. म्हणून शीटची चांगली बाजू खाली ठेवायची. आखणी उलट्या बाजूला होते, तेव्हा डावं-उजवं उलटं होणार हे लक्षात ठेवा. वर सांगितलेली पट्टी वापरत असाल तर तिचा तळ रेषेला चिकटून दाबून धरतो, त्या बाजूला टवके जवळजवळ उडत नाहीत. दोन्ही बाजू दिसणार असतील तर मास्किंग टेप लावून, त्यावर कटरचाकूनं रेष दोन-तीनदा ओढून घ्या. मायक्याला हे केलंच पाहिजे.

पावसात अडणारा दरवाजा

रामबाग, लोकमान्य नगरातल्या जुन्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये दरवाजे फुगून खाली घासू लागतात आणि लगेच करवत आठवते. माळव्यात मे महिन्याची हवा कोरडी असते, तेव्हा तेच लाकूड आकसतं. ऑगस्टमध्ये ५ मिमी काढलेत तर मेमध्ये खाली बोटभर फट दिसेल. नुसता घासत असेल तर रंधा मारून भागवा. खरंच कापायचा असेल तर २ मिमीवर जाऊ नका, आणि कापलेल्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग लावा. पाणी मुख्यतः त्या उघड्या कडेतूनच आत शिरतं.

पण २ मिमी म्हणजे पात्याच्या जाडीहूनही कमी. पात्याची एक बाजू हवेत राहते आणि ते बाहेर सरकायला पाहतं. पट्टीशिवाय हा काप घेऊच नका. दरवाजा बिजागऱ्यांवरून काढून आडवा मांडा, कापाच्या रेषेत खिळा किंवा स्क्रू नाही ना ते लोहचुंबक फिरवून पाहा. फ्लश दरवाजाचा व्हिनियर आडव्या कापात फार फाटतो, तेव्हा आधी चाकूची रेष.

वीज, डोळे, धूळ

१,४०० वॉटची करवत २३० व्होल्टला सुमारे ६ ॲम्पिअर घेते, सुरू होताना त्याहून बरीच जास्त. बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावला की व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि कापात दम राहत नाही. १५-२० मीटरपर्यंत १.५ चौरस मिमी तांब्याची वायर, त्यापुढे २.५ची. गुंडाळी पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. गच्चीवर काम असेल तर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलेल्या लाइनवरूनच वीज घ्या. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर करवत चालवू नका.

चष्मा बाजूंनी बंद असलेला हवा, कानांना मफ किंवा प्लग. गमछा, ओढणी, सैल बाह्या, मंगळसूत्र, बांगड्या, घड्याळ, सगळं काढून किंवा आवरून. सैल कापडी हातमोजेही नकोत, दाते कापड ओढून घेतात. धुळीला आपल्याकडे कोणी भीत नाही, पण भ्यायला हवं. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे. एन-९५ मास्क लावा, नाका-तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एमडीएफ बंद खोलीत कापू नका. लहान मुलं आणि शेजारी बघायला जमतात, त्यांना दाराबाहेर ठेवा.

पात्याची निगा

सागवान आणि प्लायचा डिंक दात्यांच्या कडेला तपकिरी थर धरतो, आणि पातं बोथट नसतानाही तसं वागू लागतं. पातं काढून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाबरोबर अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा. तारेचा ब्रश कार्बाइडला नको. त्यानंतरही जळत असेल तर दाते नखानं तपासा: धार असलेला दाता नखाला हलकं खरवडतो, बोथट नुसता घसरतो. टीसीटी पात्याला डायमंड चाकावर धार लावून मिळते. कानशीनं लावायला जाऊ नका, कार्बाइडला कानस लागत नाही. एखादा दाता उडालेला किंवा चकतीला तडा गेलेला दिसला तर पातं भंगारात. मोटरच्या झरोक्यांतून मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या तर कार्बन ब्रश झिजलेत. दोन्ही जोडीनं बदला, एकच बदलू नका.